पडद्यावरची सून, सातबाऱ्यावरची लेक



विनोबांच्या जन्मगावी, पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकला, त्यांच्या स्मरणार्थ बोलायचे आणि विषय घ्यायचा टीव्हीवरच्या मालिकांचा, हे काहींना खटकेल. भूदान, ग्रामस्वराज्य, गीताई असे विषय सोडून हे काय, असा प्रश्न आमंत्रण देणाऱ्यांनीही विचारला. माझे उत्तर सरळ आहे. या गावात, या तालुक्यात, साऱ्या महाराष्ट्रात आज संध्याकाळी सात ते दहा या वेळात बाईने कसे असावे याचे धडे दिले जातात. कीर्तनकाराकडे, शाळेकडे किंवा ग्रामसभेकडे एवढा श्रोतृवर्ग रोजच्या रोज येत नाही. जिथे स्त्रीबद्दल रोज काही शिकवले जाते, तिथे काय शिकवले जाते हे पाहणे विनोबांच्या कामाबाहेरचे नाही.

११ सप्टेंबर १८९५ ला विनोबा या गावात जन्मले. त्यांची आई रुक्मिणीबाई. पुढे कुटुंब बडोद्याला गेले, तिथे ती गीतेवरची प्रवचने ऐकायला जाई. संस्कृत कळेना म्हणून तिने मुलाकडे मराठी गीता मागितली. मुलाने आणून दिलेले भाषांतरही तिला जड गेले, तेव्हा तूच का करीत नाहीस, असे तिने त्याला विचारले. १९१८ साली ती गेली. १९३०-३१ मध्ये विनोबांनी गीताई लिहिली. ऐकणाऱ्या एका बाईने, मला कळेल असे मला द्या, अशी मागणी केली आणि त्या मागणीतून मराठीतला एक ग्रंथ उभा राहिला, हे आपण विसरता कामा नये. ऐकणाऱ्या, पाहणाऱ्या बाईला मागणी करण्याचा अधिकार आहे. आजचे माझे बोलणे त्या अधिकाराबद्दल आहे.

विनोबांनी १९५९ साली पवनारला ब्रह्मविद्या मंदिर काढले. तिथे स्त्रिया सामूहिक जीवन जगतात, शेती, स्वयंपाक, छपाई स्वतः करतात आणि निर्णय सर्वानुमते घेतात. स्त्रीचे मोठेपण दुसऱ्या कोणी बहाल करायचे नसते, ते तिच्या स्वतःच्या अभ्यासातून आणि निर्भयतेतून येते, असा त्यांचा आग्रह होता. त्या कसोटीवर मालिकांतल्या बायका घासून पाहू.

एक गोष्ट आधी मनातून काढून टाकू या. पारंपरिक बाई आणि आधुनिक बाई अशी जी भांडणारी जोडी मालिकांत दिसते, ती पहिल्यापासून तिथे नव्हती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. १९८५ साली बासू चटर्जींची 'रजनी' आली. प्रिया तेंडुलकर साडी नेसून, कपाळाला टिकली लावून, हातात पिशवी घेऊन दुकानदाराला, गॅसवाल्याला, सरकारी कारकुनाला जाब विचारत असे. टॅक्सीचालकांनी तिच्याविरुद्ध निदर्शने केली, इतकी ती लोकांना खरी वाटली. रजनी गृहिणी होती की आधुनिक, हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही. पुढे मराठीत 'दामिनी' आली, तिची नायिका पत्रकार. अल्फा मराठी वाहिनी १९९९ च्या स्वातंत्र्यदिनी सुरू झाली आणि तिच्यावरच्या 'आभाळमाया'तली सुधा जोशी ही शिकवणारी, कमावणारी, विचार करणारी बाई होती. नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आल्यावर तिने आपला मान राखला, आपले घर राखले आणि आपले काम सोडले नाही. सुकन्या कुलकर्णींची ती सुधा आठवणाऱ्या बायका या सभेत असतील. ती साडी नेसायची आणि स्वतःचे निर्णय स्वतः घ्यायची. दोन्ही गोष्टी एकाच बाईत सुखाने नांदत होत्या.

मग ही फूट केव्हा पडली? जुलै २००० मध्ये हिंदीत 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली आणि देशभरच्या मालिकांचा साचा बदलला. मोठे घर, मोठा जिना, एकत्र कुटुंब, भरजरी साडीतली सहनशील सून, आणि तिच्या विरोधात दाट काजळाची, आखूड केसांची, मोठ्या टिकलीची एक बाई. मराठीतही तो साचा आला. 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ पासून अकरा वर्षे चालली, तीन हजारांवर भाग झाले. रोहिणी हट्टंगडींसारख्या थोर अभिनेत्रीने तिच्यातली सासू इतकी ठाशीव उभी केली की एका पिढीसाठी मराठी घराण्याचे चित्र म्हणजे ते घर होऊन बसले.

हे असे का झाले, याचे उत्तर लेखकांच्या मनात शोधण्याआधी कामाच्या पद्धतीत शोधावे. पूर्वीची मालिका आठवड्यातून एकदा येई, बहुतेक वेळा तेरा भागांत संपे. तिला गोष्ट असे आणि शेवटही असे. रोजच्या मालिकेला शेवट परवडत नाही. आठवड्याला पाच-सहा भाग द्यायचे, प्रत्येक भागात वीस-बावीस मिनिटांचा मजकूर, हाताशी चार भागांची बँक असली तर नशीब. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर किंवा गोरेगावच्या चित्रनगरीत घराचा एक सेट उभा केला की तो वर्षानुवर्षे वापरायचा. कलाकार बारा-बारा तास तिथे काम करतात. दर गुरुवारी टीआरपीचा तक्ता येतो आणि त्यावर ट्रॅक वाढवायचा की मोडायचा ते ठरते. अशा व्यवस्थेत घराबाहेर काम करणारी बाई दाखवणे महाग पडते. तिची कचेरी दाखवायची, प्रवास दाखवायचा, तिच्यासारखी चार माणसे दाखवायची, तर रोज नवे ठिकाण आणि नवे लोक लागतात. घरातली भांडणे घराच्या सेटवर होतात. म्हणून नोकरी करणारी बाई मालिकेत नोकरी करताना दिसतच नाही, ती नोकरीवरून परत येताना दिसते, आणि आल्या आल्या कोणाच्या तरी संसारात पाय अडकवते. तिच्या आधुनिकतेतले कष्ट सेटबाहेर राहिले आणि कपडे तेवढे सेटवर आले.

आता दोन मालिका सविस्तर घेऊ, कारण दोन्ही घरोघरी पाहिल्या गेल्या आणि दोन्हींवर बायका मनापासून बोलल्या.

'माझ्या नवऱ्याची बायको' ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली आणि २०२१ पर्यंत चालली. राधिका नागपूरकडची, वऱ्हाडी बोलणारी, साधी. नवरा गुरुनाथ मुंबईत रुळलेला. त्याच्या ऑफिसातली शनाया तरुण, आखूड कपड्यांतली, कामापेक्षा खर्चाची हौस असलेली. मालिकेचे नावच सांगते की लढत दोन बायकांची आहे. राधिका पुढे मसाल्यांचा उद्योग उभा करते, मोठी होते, आणि शेवटी दुसरे लग्नही करते. अनिता दाते यांनी ती भूमिका ज्या ताठ मानेने केली, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. खेड्यातून आलेल्या, बोलीत बोलणाऱ्या बाईला पाच वर्षे नायिका करणे ही छोटी गोष्ट नव्हे, आणि विदर्भातल्या कितीतरी बायकांना आपली भाषा पहिल्यांदा मुख्य पडद्यावर नायिकेच्या तोंडी ऐकू आली.

पण त्या पाच वर्षांत शनायाला काय मिळाले ते पाहा. ती मूर्ख ठरवली गेली, लोभी ठरवली गेली, तिला सतत धडा शिकवला गेला. आणि गुरुनाथ? ज्याने लग्न केले, ज्याने फसवले, जो दोघींशी खोटे बोलला, तो बराच काळ दोघींच्या मधला खांब होऊन उभा राहिला. प्रेक्षक बाईचा राग शनायाच्या कपड्यांवर खर्च झाला. दोन बायका समोरासमोर उभ्या केल्या की ज्या पुरुषाने आणि ज्या व्यवस्थेने हे घडवले, ते दोघेही सुटतात. मालिकांवरचा माझा मुख्य आक्षेप हा आहे, बाकीचे सगळे त्यानंतर.

'आई कुठे काय करते' डिसेंबर २०१९ मध्ये आली आणि २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत चालली. मुळात ती बंगाली 'श्रीमयी'वरून आलेली. त्याच गोष्टीवरून हिंदीत 'अनुपमा' झाली. म्हणजे तिच्या नायिकेचे, अरुंधतीचे, दुःख बंगालपासून गुजराती घरापर्यंत सगळ्यांना ओळखीचे वाटले. पंचवीस वर्षे संसार केलेली बाई, तिला इंग्रजी येत नाही म्हणून नवऱ्याला लाज, मुलांना घाई, आणि नवऱ्याचे, अनिरुद्धचे, कचेरीतल्या संजनाशी नाते. इथेही संजना आधुनिक, नोकरी करणारी, आणि म्हणून संशयित. तरीही ही मालिका पहिलीपेक्षा पुढे गेली. अरुंधतीने घटस्फोट घेतला, गाण्याकडे वळली, आपल्या पायावर उभी राहिली आणि मोठी मुले असताना पुन्हा लग्न केले. चाळिशी-पन्नाशीच्या बाईचे दुसरे लग्न रोज साडेसात वाजता घरातल्या आजोबांसमोर लागणे, ही गोष्ट मराठी घरांत वीस वर्षांपूर्वी सहज घडली नसती. त्याच सुमाराला 'अग्गंबाई सासूबाई'त एका सुनेने विधवा सासूचे लग्न लावून दिले. ते पाहून सासवा-सुना एकत्र बसून रडल्या असतील तर त्या रडण्याला मी कमी लेखणार नाही.

आणि शास्त्रानेही याला दुजोरा दिला आहे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी या शतकाच्या सुरुवातीला काही राज्यांतल्या खेड्यांची पाहणी केली. त्यांत आपल्या शेजारचे गोवाही होते. गावात केबल आल्यानंतर बायकांनी नवऱ्याच्या मारहाणीला योग्य ठरवण्याचे प्रमाण कमी झाले, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, आणि घरच्या निर्णयांत त्यांचा शब्द वाढला, असे त्यांना आढळले. २००९ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. म्हणून मालिका म्हणजे बायकांचे वाटोळे, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी उभा नाही. बाईला बोलताना, बाहेर जाताना, निर्णय घेताना पाहणे, मग ती गोष्ट कितीही भडक असो, पाहणाऱ्या बाईला बळ देते. ज्यांना घरातल्या बाईचे मालिका पाहणे टवाळीचे वाटते, त्यांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवावा.

'आई कुठे काय करते' हे नाव मात्र प्रश्न म्हणून घ्या. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनपगारी घरकामात घालवतात, आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटे, असे निघाले. ही पाच तासांची मजुरी मालिका कधी कष्ट म्हणून दाखवत नाही. ती प्रेम म्हणून दाखवते. डबा भरणारा हात दिसतो, पाठदुखी दिसत नाही. विनोबा आपल्या आईची एक आठवण सांगत. शेजारीण आजारी पडली की रुक्मिणीबाई आधी आपल्या घरचा स्वयंपाक उरकत आणि मग शेजारच्या घरी जाऊन करीत. मुलाने विचारले, हा स्वार्थ नाही का? आईने समजावले की तिथे आधी केला तर ते जेवतील तोवर निवून जाईल. यात त्याग आहेच, शिवाय वेळेचे नियोजन आहे, दुसऱ्या घराच्या गरजेचा हिशेब आहे आणि मुलाच्या प्रश्नाला शांत उत्तर देण्याची बुद्धी आहे. घरात राहणाऱ्या बाईची ही बुद्धी मालिकेला दाखवता येत नाही, कारण तिच्यातून भांडण निघत नाही. पारंपरिक बाई दाखवायची म्हणजे तिला बावळट, भाबडी आणि रडकी करायची, हा परंपरेचाही अपमान आहे.

मुळात मालिकेतली परंपरा कोणाची परंपरा आहे? आपल्या रायगड जिल्ह्याकडे पाहा. या कोकणपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या पुरुष मुंबईला गिरणीत, गोदीत, घरगड्याच्या कामाला गेला आणि शेत बाईने सांभाळले. राब भाजणे, आवण काढणे, लावणी, कापणी, मळणी आणि पोराबाळांचे, म्हाताऱ्यांचे करणे, मनीऑर्डर येईल तेव्हा येईल. पेण आणि हमरापूर-जोहे परिसरात गणपतीच्या कारखान्यांतून बायका रंगकाम करतात. पेणचे पोह्याचे पापड आणि मिरगुंड कोणाच्या हातांनी लाटले जातात ते तुम्हाला माहीत आहे. आदिवासी वाड्यांतल्या कातकरी भगिनी पावसाळा संपला की उचल घेऊन कुटुंबासह वीटभट्टीवर जातात. या बायका पारंपरिक की आधुनिक? दुपारी घरात भरजरी साडी नेसून, दागिने घालून देव्हाऱ्यापुढे उभी असलेली बाई त्यांच्या परंपरेत कधी नव्हती. ती मालिकेने घडवली आणि मग ती सर्वांची आई, सर्वांची आजी म्हणून दाखवली. आगरी बोली मालिकेत आलीच तर बहुतेक वेळा हसवण्यासाठी येते. घरात कामाला येणारी बाई गावंढळ बोलते आणि मालकीण प्रमाण भाषा बोलते, हा नियमच झाला आहे. ज्या तालुक्यात सेझविरोधी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्धच्या, लढ्यात २००८ च्या सप्टेंबरमध्ये २२ गावांनी जमिनीबद्दल आपला कौल दिला, आणि ज्या लढ्यात बायका पुढे होत्या, त्या तालुक्यातली एकही बाई मला मुख्य वेळेच्या मालिकेत नायिका म्हणून आठवत नाही.

कपड्यांबद्दल याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला, जिल्हा तेव्हा कुलाबा होता, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी परिषदेला जमलेल्या स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. अस्पृश्य म्हणून ओळखू येईल अशी गुडघ्यापर्यंतची लुगडी नेसणे सोडा, गळ्यातले आणि हातापायांतले ओझ्याचे दागिने सोडा, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. बायकांनी लगोलग लुगडे पायघोळ नेसायला सुरुवात केली. त्या दिवशी लुगड्याची नेसण बदलणे हे स्वातंत्र्याचे पाऊल होते. कपड्याचा अर्थ कोण घालते, कोणाच्या सांगण्यावरून घालते आणि घालून काय मिळवते यावरून ठरतो. मालिका मात्र ठरवून बसली आहे की साडी म्हणजे सद्गुण आणि जीन्स म्हणजे दुर्गुण, आणि नायिका सुधारली की तिला साडी नेसवायची. हाच खेळ रंगाबाबत. 'रंग माझा वेगळा' ही सावळ्या मुलीची कहाणी सांगायला निघालेली मालिका होती, हेतू चांगला होता, पण त्यासाठी गोऱ्या अभिनेत्रीला काळा रंग लावावा लागला. सावळी अभिनेत्री मिळाली नाही असे महाराष्ट्रात तरी कोणी म्हणू नये.

याच जिल्ह्यातल्या रोह्याशी नाते असलेल्या एका स्त्रीचाही इथे उल्लेख करायला हवा. चिंतामणराव देशमुखांचे रोह्याशी घराण्याचे नाते. १९५३ साली त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला. दुर्गाबाई राजमहेंद्रीच्या, आठव्या वर्षी लग्न झालेल्या. कळत्या वयात त्यांनी ते लग्न मागे टाकले, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेल्या, वकील झाल्या, संविधान सभेत बसल्या, केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. खादीची साडी नेसणाऱ्या या बाईला मालिकेच्या कोणत्या चौकटीत बसवाल? अशा बायकांवर मालिका झाल्याच नाहीत असे नाही. रमाबाई रानड्यांवर २०१२ मध्ये 'उंच माझा झोका' आली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. २०२० मध्ये सावित्रीबाईंवर 'सावित्रीजोती' आली, ती कमी टीआरपीमुळे वर्षभरात बंद झाली. दोघीही शिकल्या, दोघींनी इतर बायकांना शिकवले. पण रमाबाईंना शिकवणारा नवरा न्यायमूर्ती होता आणि घर प्रतिष्ठित होते, तर सावित्रीबाईंच्या गोष्टीत शेण आणि दगड होते, जातीचा प्रश्न होता, बाळंतपणासाठी आश्रय मागणाऱ्या विधवा होत्या. पहिली गोष्ट दिवाणखान्यात मावते, दुसरी दिवाणखान्याला प्रश्न विचारते. आपण प्रेक्षक म्हणून कोणती निवडली, याची जबाबदारी वाहिनीवर सगळी टाकून चालणार नाही.

आणि आता त्या विषयाकडे येतो, ज्यासाठी मी गागोद्याला यायचे कबूल केले. जमीन.

विनोबांचे नाव जमिनीशी कायमचे जोडलेले आहे. १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत पहिले दान मिळाले आणि मग ते वर्षानुवर्षे पायी फिरले. आज या जिल्ह्यात जमिनीला जो भाव आला आहे, तो त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हता. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, नवी मुंबईचा विमानतळ झाला, फार्महाऊसवाले डोंगराच्या पायथ्यापर्यंत आले. भाव आला की घरात एक कागद येतो, हक्कसोडपत्र. भाऊ बहिणीला बोलावतो, चहा होतो, आणि सही मागितली जाते. कायदा काय सांगतो? महाराष्ट्राने १९९४ मध्येच लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या कायद्याने लग्न झालेल्या मुलींनाही तो मिळाला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क जन्माने आहे, २००५ साली वडील हयात असोत वा नसोत. तरीही बहीण सही करते. का करते? माहेर तुटेल म्हणून. गौरी-गणपतीला घरी कोणी बोलावणार नाही म्हणून. आणि हिस्सा मागणारी बहीण वाईट असते, हे तिने शेकडो वेळा पाहिले आहे म्हणून.

कुठे पाहिले आहे? मालिकेत. तुम्ही आठवून पाहा. प्रॉपर्टीचे पेपर हा मालिकांतला नेहमीचा प्रसंग आहे. फसवून सही घेणारी, तिजोरी उघडणारी, मला माझा वाटा हवा म्हणणारी बाई कोण असते? खलनायिका. भुवया उंचावलेली, आधुनिक कपड्यांतली, घर फोडायला आलेली. आणि मला काही नको, तुमचे प्रेम पुरे, असे म्हणून कागद परत करणारी कोण असते? नायिका. वीस वर्षांहून अधिक काळ, रोज संध्याकाळी, हे समीकरण आपल्या लेकींच्या मनात बसवले गेले. कायद्याने जे दिले ते गोष्टीने काढून घेतले. पारंपरिक आणि आधुनिक या वादाचे खरे नुकसान मला इथे दिसते. पदर डोक्यावर घ्यायचा की नाही, जीन्स घालायची की नाही, यावर मालिका रोज चर्चा घडवते, आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचे, याबद्दल बाईने तोंड उघडले की तिला वाईट ठरवते. आपल्याच महाराष्ट्रात शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम घेतला होता, त्यात शेतकऱ्यांनी स्वखुशीने पत्नीच्या नावे जमीन केली. १९८६ साली चांदवडला स्त्रियांचे प्रचंड अधिवेशन झाले, त्यातून ती वाट निघाली. डोक्यावर पदर घेतलेल्या, कधी घरचा उंबरा न ओलांडलेल्या बायका त्या अधिवेशनाला ट्रक भरून आल्या होत्या. त्या बायकांची गोष्ट कोणत्याही मालिकेइतकी चढउतारांची आहे, आणि तिच्यात घरही आहे, सासूही आहे, नवराही आहे, रडणेही आहे.

लेखक मंडळी म्हणतील, प्रेक्षकांना हे नको असते. प्रेक्षकांना काय हवे, हे देशभरातल्या निवडक घरांत बसवलेल्या यंत्रांवरून ठरते. २०१५ पासून त्यात ग्रामीण घरेही मोजली जातात, हे चांगले झाले. पण यंत्र एवढेच सांगते की कोणती वाहिनी चालू होती. समोरची बाई तिच्याशी सहमत होती की भाजी निवडताना नुसता आवाज ऐकत होती, हे यंत्राला कळत नाही. ते सांगायला तिलाच बोलावे लागते. या राज्यात ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. ज्या बाई सरपंच म्हणून पाण्याच्या योजनेवर अधिकाऱ्याशी वाद घालतात, त्यांना रात्री मालिकेबद्दल मत नसते असे मी मानायला तयार नाही. बचत गटाच्या बैठकीत एकदा कर्जाच्या हप्त्यानंतर अर्धा तास या विषयाला द्या. कोणती बाई आपल्याला वाईट म्हणून दाखवली, का दाखवली, तिने नेमके काय मागितले होते, एवढे विचारा. मुली ते लगेच पकडतात, म्हाताऱ्या बायका त्याहून लवकर पकडतात.

पुरुषांना मी एवढेच सांगेन की बायको मालिका पाहत असेल तेव्हा शेजारी बसा आणि गोष्टीतल्या नवऱ्याने काय केले याचे उत्तर तुम्ही द्या. शनाया-संजना यांच्याबद्दल बोलणे सोपे आहे, गुरुनाथ-अनिरुद्धबद्दल बोला. आणि ज्या भावांच्या कपाटात बहिणीच्या सहीसाठी ठेवलेले हक्कसोडपत्र आहे, त्यांनी ते विनोबांच्या या गावातून परत जाताना फाडून टाकावे.

मालिका लिहिणाऱ्यांकडे माझी मागणी एकच आहे. एक बहीण लिहा. ती साडीत असेल किंवा जीन्समध्ये, शिकलेली असेल किंवा नसेल, पेणची असेल किंवा पुण्याची. ती भावाकडे आपला हिस्सा मागते, मिळवते, आणि तरीही मालिका तिला चांगली म्हणते. तिला शेवटच्या भागात पश्चात्ताप करायला लावू नका.

आणि भगिनींनो, ही मागणी माझ्या एकट्याच्या भाषणाने पोचणार नाही. जी वाहिनी तुम्ही रोज पाहता तिला पत्र लिहा. मराठीत लिहा, तुम्हाला कोणती बाई पाहायची आहे ते लिहा, खाली सर्वांच्या सह्या करा आणि आपल्या गावाचे, तालुक्याचे नाव घाला.